आधी स्केल ठरव

तुझा मेल रात्री 2:40 ला आलेला दिसला. मी सकाळी वाचला आणि मग दिवसभर तो डोक्यातून जाईना. लँड कव्हरचा नकाशा, म्हणजे कुठे शेत, कुठे झुडपं, कुठे पाणी ते दाखवणारा, दोनदा हुकलेली डेडलाइन, तीन रविवार कामात गेलेले, आणि शेवटी ते वाक्य, 'मी बहुतेक या फील्डसाठी स्लो आहे.' तू हुशार आहेस वगैरे मी लिहीत बसणार नाही, त्यात तुलाही रस नाही. पण मेलमधला तो स्क्रीनशॉट बघून मला राग आला, खरंच आला. चार पिक्सेलचा एक ठिपका, त्याच्या कडेवर तू मोजून अकरा व्हर्टेक्स, म्हणजे रेषेचे कोपरे, टाकलेत, आणि ती झुडपं की पडीक जमीन हे ठरवण्यात रात्र घालवलीस.

अरे, पण नकाशा किती स्केलचा मागितलाय, म्हणजे जमीन कागदावर किती पट लहान करून दाखवायचीय? तुझा अख्खा मेल दोनदा वाचला, कुठेच नाही.

आधी स्केल ठरव. मग सॉफ्टवेअर उघड.

तू वापरतोस त्या सेंटिनेल-2 उपग्रहाचा पिक्सेल 10 मीटरचा, म्हणजे तुझा तो ठिपका 400 चौरस मीटरचा. युरोपचा कोरीन नावाचा लँड कव्हर नकाशा आहे, 1:1,00,000 चा, त्यात 25 हेक्टरपेक्षा लहान तुकडा वेगळा दाखवतच नाहीत. 25 हेक्टर म्हणजे तुझ्या इमेजमधले 2500 पिक्सेल! आता त्या लोकांना लहान तुकडे दिसत नव्हते का? दिसत होते. पण त्यांनी सुरुवातीलाच लिहून ठेवलं की याच्या खालचं शेजारच्या वर्गात जाईल, आणि लिहून ठेवलं म्हणूनच काम संपू शकलं. तू काहीच लिहिलेलं नाहीस, म्हणून तुझं काम संपत नाहीये. तू स्लो नाहीस, तुझ्या कामाला तळच नाहीये.

हे मी कुठे वाचून सांगत नाहीये. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी एक नदी डिजिटाइज करत होते, म्हणजे इमेजवरून स्क्रीनवर रेषेने गिरवत होते, नकाशा छापायचा होता 1:2,50,000 ला आणि मी झूम करून बसले होते 1:2,000 ला. प्रत्येक वळण, प्रत्येक वाळूचा पट्टा, दोन्ही काठ वेगवेगळे. नऊ रात्री. त्याच आठवड्यात माझा भाऊ चार वर्षांनी घरी आला होता, पाच दिवसांसाठी. तो शेजारच्या खुर्चीत येऊन बसायचा, थोडा वेळ स्क्रीनकडे बघायचा आणि उठून जायचा, आणि मी म्हणायचे एवढा बेंड झाला की येतेच. छापील प्रत आली तेव्हा मी भिंग घेऊन बघितलं. नदी 80 मीटर रुंद, त्या स्केलला ती 0.32 मिलिमीटर होते, माझे दोन्ही काठ शाईच्या एकाच रेषेत गेले होते. कोणी नावं ठेवली नाहीत आणि कोणी कौतुकही केलं नाही, कारण ते कोणाला दिसलंच नाही. भावाशी आता वर्षातून दोनदा फोनवर बोलणं होतं आणि दोघांनाही काय बोलायचं ते पटकन सुचत नाही.

तू म्हणशील स्केल तर बॉस ठरवतो. नाही. बॉस तारीख ठरवतो. स्केल तुला विचारून घ्यावं लागतं, आणि ते विचारलं की समोरचा थोडा वैतागतो, वैतागू दे. मी गेली कित्येक वर्षं स्केल, लहानात लहान तुकडा आणि किती टक्के अचूकता हवी, या तीन गोष्टी लेखी मिळाल्याशिवाय तारीख देत नाही. एका मीटिंगमध्ये मला तोंडावर ऐकवलं गेलं की या बाई काम टाळतात. मी उठून गेले नाही आणि तारीखही दिली नाही. त्या हट्टामुळे माझी एक बढती लांबली असं मला वाटतं, पण ज्यांनी फटाफट तारखा दिल्या त्यांच्या फाइल्स नंतर कोणी पुन्हा पुन्हा दुरुस्त केल्या ते मला माहीत आहे, कारण त्या माझ्याच टेबलावर यायच्या. मी तेव्हा बरोबर होते आणि आजही तेच करेन.

मेशांबद्दल तुला सांगितलंय का कधी? मीटरची लांबी ठरवायला 1792 मध्ये दोघं फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ निघाले, देलांब्र आणि मेशां, डंकर्क ते बार्सिलोना मोजायला. मेशांला बार्सिलोनाच्या अक्षांशात साधारण 3 सेकंदांची (कोनाच्या, वेळेच्या नाही) तफावत सापडली, जमिनीवर जेमतेम 100 मीटर. त्याने ती लपवली, वर्षानुवर्षं आतल्या आत कुढला, मोजणी पुढे वाढवायला परत स्पेनला गेला आणि 1804 ला तिथेच तापाने वारला. किती फरक चालतो हे सांगणारं गणितच तेव्हा हाताशी नव्हतं, लेजांद्र या फ्रेंच गणितज्ञाची लीस्ट स्क्वेअर्सची, म्हणजे मोजण्यांमधल्या चुकांचा हिशोब लावायची, पद्धत छापून आली 1805 ला. मला हा माणूस फार जवळचा वाटतो. पण त्याच्याकडे जे नव्हतं ते तुझ्याकडे आहे, मग तू का कुढतोस?

फील्डच्या दिवसांचं वेगळं आहे, तिथे आठ तासांचा हिशोब लावू नकोस. उजेड आहे तोवर काम, ते तसंच असतं आणि मला ते आवडतं. फक्त परत आल्यावर सुट्टी आधी घे, डेटा नंतर उतरव. आणि ढगांचे दिवस तारखेतच धर. लँडसॅट 8 आणि 9 हे उपग्रह मिळून एकाच जागेवरून 8 दिवसांनी जातात, ती एक इमेज ढगात गेली की आठवडा गेला, त्यात तुझी काही चूक नाही, पण आधी सांगितलं नाहीस तर ती तुझी होते.

आता तू काय करायचंस. ते 400 चौरस मीटरचं पॉलिगॉन, म्हणजे ठिपक्याभोवतीची ती आकृती, बंद कर. उद्या सकाळी बॉसला दोन ओळींचा मेल टाक, स्केल काय आणि लहानात लहान तुकडा केवढा. उत्तर आलं की अ‍ॅट्रिब्यूट टेबल, म्हणजे नकाशातल्या प्रत्येक तुकड्याची माहिती असलेला तक्ता, एरियाने सॉर्ट कर आणि त्या मापाच्या खाली किती पॉलिगॉन येतात ते मोज. तेवढा आकडा मला पाठव. दिवसा.