हा हुशार, ही मेहनती

“काय शिकतेस?” समुपदेशनाला आलेल्या मुलीला मी विचारलं आणि उत्तर तिच्या आईंनी दिलं. “सेकंड इयर इंजिनीअरिंगला आहे, मॅडम.” जेवण जातं का नीट? “जातं, पण भाज्यांची नाटकं फार.” मुलगी खुर्चीच्या कडेवर बसून पर्सची चेन उघडबंद करत होती. वय एकोणीस. घरी धाकटा भाऊच काय, आईवडीलही तिला ताई म्हणतात. मीही तेच म्हणते. बाकी ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आईंची तक्रार माझ्या ओळखीची होती. “कधी हात उचलला नाही, काही कमी पडू दिलं नाही, भावाशी तुलनासुद्धा केली नाही. तरी हिला आत्मविश्वास कसा नाही?” ताईची सबमिशन वेळेत, जर्नलमधलं अक्षर मोत्यासारखं. पण व्हायवाच्या दिवशी पोटात दुखायचं. दोन सेमिस्टर ती तोंडी परीक्षेला गेलीच नव्हती.

झोप, भूक, जीव नकोसा वाटणं याबद्दल ताईला एकटीला आधी विचारून घेतलं. तसं काही असतं तर आत्मविश्वासाच्या गप्पा बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. (रात्री-अपरात्रीसाठी टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर मी सगळ्यांनाच लिहून देते. तो चोवीस तास चालू असतो.)

मग तिला समाजशास्त्रज्ञ मॉरिस रोझेनबर्ग यांची, माणूस स्वतःला किती किंमत देतो ते मोजणारी प्रश्नावली दिली. १९६५ची, न्यूयॉर्कमधल्या शाळकरी मुलांसाठी तयार झालेली, फक्त दहा विधानांची. मी पेन पुढे केलं, तिने पेन्सिल मागितली. ‘निदान इतरांच्या बरोबरीची तरी माझी किंमत आहे’ अशा अर्थाच्या विधानापाशी ती अडली. ‘सहमत’वर खूण केली, खोडली. ‘असहमत’वर केली, तीही खोडली. कागद तिथे झिजून पातळ झाला. शेवटी मान वर करून म्हणाली, “इतर म्हणजे… भावाला धरून का?”

आईंना आत बोलावलं तर त्यांचा पहिला प्रश्न, “किती मार्क मिळाले?”

गोष्ट बाहेर आली तिसऱ्या भेटीत. पाचवीच्या स्कॉलरशिपला ताईचं नाव यादीत नव्हतं. दोन वर्षांनी धाकट्याचं आलं. पेढे वाटताना वडील येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, “हा हुशार. आणि ही आमची मेहनती, बरं का.” कौतुकच होतं ते, वडिलांच्या मनात काडीचं वाईट नव्हतं. पुढे तेच वाक्य मामांनी उचललं, आत्याने उचललं. दहावीला ताईला ९१ टक्के पडले तेव्हा आत्याने पाठीवर हात ठेवला, “मेहनतीचं फळ गं!”

१९९८ साली क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांचे पाचवीच्या वयाच्या मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध झाले. ‘हुशार आहेस’ असं ऐकलेली मुलं अपयश आल्यावर लवकर हातपाय गाळत होती. ‘मेहनत घेतलीस’ असं ऐकलेली टिकून राहत होती. तेव्हापासून पालकांना सांगितलं जातं, बुद्धीचं नको, कष्टाचं कौतुक करा. मीही वर्षानुवर्षं हेच सांगत आले. आता सांगताना अडखळते. आपल्याकडे ‘मेहनती’ हे बऱ्याचदा उत्तेजनार्थ बक्षीस असतं. स्थळ सांगताना कुणी ‘नाकीडोळी नीटस’ म्हणालं की रंगाबद्दल काय सुचवायचंय ते कळतंच. तसंच ‘मेहनती’च्या आधीचं ‘हुशार नाही, पण’ कुणी न बोलताही ऐकू येतं. ताईला ते सात वर्षं ऐकू येत होतं.

जर्नल चार वेळा लिहून काढता येतं. व्हायवाला तशी सोय नाही. “घरी मी रात्र जागून भरून काढते, मॅडम. तिथे कुठून भरून काढू?”

आईवडिलांना मी ‘जास्त कौतुक करा’ असं म्हटलं नाही. स्वतःला कमी समजणाऱ्या मुलाला फुगवलेल्या कौतुकाचं ओझंच होतं. पुढच्या वेळी तेवढं जमलं नाही तर काय, ही धास्ती. त्याऐवजी सांगितलं, दोन आठवडे दोन्ही मुलांबद्दल एकही विशेषण नको, चांगलंही नको. ओठांवर आलं की वहीत रेघ मारायची. वडिलांना हे थोतांड वाटलं आणि त्यांनी तसं तोंडावर सांगितलं. आई मात्र वही घेऊन आल्या. पहिल्याच दिवशी सतरा रेघा. “त्यातल्या दोन कामवाल्या मावशींच्या आहेत,” ओशाळून म्हणाल्या.

ताईबरोबर वेगळा उद्योग. ‘येत नाही, सर’ हे तीन शब्द मोठ्याने म्हणायचे. इंजिनीअरिंगमधलं मला ओ की ठो कळत नाही, म्हणून प्रश्न तिनेच लिहून आणायचे आणि मी परीक्षक व्हायचं. पहिल्या दिवशी तिचा आवाजच फुटेना. ‘येत नाही’ म्हणण्याऐवजी ती सॉरी म्हणायची. मग मैत्रिणीसमोर, मग एकदा वर्गात. महिन्याभराने एक भलतीच गोष्ट घडली. एक गणित अडलं म्हणून ती भावाकडे गेली. तो बराच वेळ वहीकडे बघत बसला आणि हळूच म्हणाला, “मलाही येत नाहीये. घरात सांगू नकोस हं.” हे सांगताना ताई पहिल्यांदा खुर्चीत टेकून बसली होती. मला मात्र त्या पोराचीच काळजी वाटली. आता तोही येतो.

व्हायवाला ती गेली. दोन प्रश्नांना ‘येत नाही’ म्हणाली. पंचवीसपैकी चौदा पडले.

मध्यंतरी एका लग्नात वडिलांनी कुणाशी तरी तिची ओळख करून दिली. ताईने मला त्याची नक्कल करून दाखवली. “ही आमची मोठी. आणि ही…” एवढं बोलून बाबा थांबले, घसा खाकरला आणि पाहुण्यांना म्हणाले, “जेवलात ना तुम्ही?”