शत्रू मैदानात येण्याआधीच हरतो!

प्रश्न : एज ऑफ एम्पायर्स २ या संगणकावरच्या युद्धखेळासाठी सिनारिओ (स्वतः रचलेला नकाशा आणि डाव) बनवतोय. शत्रूची फौज ट्रिगरने (ठरलेल्या वेळी आपोआप घडणाऱ्या आज्ञेने) दहाव्या मिनिटाला येते, पण तो त्याआधीच पराभूत ठरतो. काय करू?

उत्तर : सुरुवातीला त्याच्या नावावर नकाशात काहीच नाही, म्हणून. एका कोपऱ्यात त्याचा एक सैनिक ठेवा आणि भोवती डोंगरकड्यांची सलग रांग उभारा. झाडांची भिंत नको, ऑनेजर (दगड फेकणारं यंत्र) झाडं पाडतो. गावकरी तर मुळीच नको. शत्रूची बाजू खेळणारा संगणक त्याला कामाला जुंपायला बघतो. फौज आणणाऱ्या ट्रिगरमध्येच, पण फौज निर्माण करणाऱ्या ‘क्रिएट ऑब्जेक्ट’ आज्ञेच्या खाली, ‘रिमूव्ह ऑब्जेक्ट’ ही काढून टाकणारी आज्ञा जोडून हा सैनिक काढा. बहुतेक जण नेमकं हेच विसरतात. मग सगळी फौज मारली तरी खेळ संपत नाही. फौज उतरते ती जागा दाखवायची असेल, तर तिथला मॅप रिव्हीलर (नकाशाचा झाकलेला भाग उघडणारी वस्तू) खेळाडूच्या नावावर हवा, शत्रूच्या नव्हे.