वाणीच्या पोटातला मिथेन आणि दुकानातली पुडी : शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे

पहिल्या पावसानंतर सोयाबीन-कपाशीच्या पट्ट्यातून वाणीचे (असंख्य पायांचा, वेटोळे करणारा प्राणी; काही भागांत हिला पैसा म्हणतात) प्रश्न येतात. यंदा त्यात तीन नवे आहेत. वाणीच्या पोटातले जंतू मिथेन वायू सोडतात, त्याने पीक पिवळे पडते का? ते जंतू मारायची प्रतिजैविकाची (अँटिबायोटिकची) पुडी फवारली की वाणी उपाशी मरेल, असे दुकानदार म्हणतो, घ्यावी का? आणि वाणीत गॅस तयार होतो तर ती गोबरगॅसमध्ये टाकावी का?

आधी मिथेनचे. वाणीच्या शेवटच्या आतड्यात मिथेन तयार होतो, हे खरे आहे. नेदरलँड्समधल्या हाकस्टाइन आणि स्टुम या संशोधकांनी 1994 मध्ये शंभरावर जातींचे कीटक आणि त्यांच्यासारखे प्राणी तपासले. मिथेन सापडला तो उष्ण प्रदेशातल्या वाण्या, झुरळे, वाळवी आणि शेणकिड्यांच्या कुळातले भुंगेरे यांच्यात. कुजका पाला आतड्यात आंबतो, त्यातून हायड्रोजन सुटतो. मिथेन करणारे जंतू हायड्रोजनचे चार रेणू आणि कर्बवायूचा एक रेणू घेऊन मिथेनचा एक रेणू करतात. गाईच्या पोटात हेच चालते, गोबरगॅसच्या टाकीतही काही प्रमाणात. काही वाण्यांत हे जंतू आतड्यातल्या एकपेशीय जिवांच्या शरीरात राहतात, म्हणजे वाणीच्या पोटात भाडेकरू आणि त्याच्या पोटात पोटभाडेकरू.

पण याने पीक पिवळे पडत नाही. वाणीतून सुटणारा वायू अगदी थोडा, आणि हवा खेळती असलेल्या कोरडवाहू जमिनीत मिथेन खाऊन जगणारे वेगळे जंतू असतात. रोप पिवळे दिसते तेव्हा ते उपटून पाहा. जमिनीलगत साल कुरतडलेली असेल किंवा बियाची डाळ पोखरलेली असेल तर वाणी. मूळ काळे पडून कुजले असेल तर पाणी साचले आहे, चर काढा. खात्रीसाठी रात्री नऊनंतर बॅटरी घेऊन ओळीने चाला. दिवसा वाणी मातीत, ढेकळाखाली, काडीकचऱ्यात वेटोळे करून बसते आणि दिसत नाही.

आता पुडीचे. घेऊ नका. मिथेन करणारे जंतू जिवाणू नाहीत, आर्किया नावाचा वेगळा गट आहे. अनेक प्रतिजैविके जिवाणूची भिंत मोडून काम करतात आणि आर्कियाला तशी भिंतच नसते. शिवाय चेक प्रजासत्ताकातल्या संशोधकांनी आफ्रिकेतल्या मोठ्या वाणीत मिथेन रसायनाने थांबवून पाहिला, तरी वाण्या जगल्या. तेव्हा पोटातले जंतू मारून वाणी मारायची, हा हिशेबच चुकीचा आहे. प्रतिजैविक शेतात फवारल्यावर मरतात ते मातीतले कामाचे जंतू, आणि जे उरतात ते त्या औषधाला सरावतात. पुढे माणसाच्या आणि जनावराच्या आजारात तेच औषध लागू पडत नाही. पुडी घेऊ नका, फुकट दिली तरी घेऊ नका.

दुकानात आणखी तीन गोष्टी गळ्यात मारतात. पहिली, गोगलगायीच्या गोळ्या. त्यातले मेटाल्डिहाइड गोगलगायीच्या चिकट स्रावावर काम करते. वाणीला कडक कवच आहे, तिच्यासाठी ते औषधच नाही. कुत्र्याने गोळ्या खाल्ल्या तर तो मात्र मरू शकतो. दुसरी, कुठेतरी शिल्लक राहिलेले फोरेट. फोरेट आणि डायक्लोरव्हॉस या कीटकनाशकांचा वापर 31 डिसेंबर 2020 पासून देशात बंद आहे. "जुना माल आहे, चालतो" असे सांगणाऱ्याकडून बिल मागा, तो देणार नाही. तिसरी, दोन-तीन कीटकनाशके एकत्र करून दुप्पट मात्रेची दुपारची फवारणी. दुपारी वाणी जमिनीखाली आणि औषध पानावर, मग मरणार काय? मात्रा दुप्पट केली म्हणून औषध मातीत खोल जात नाही, कोवळे पान मात्र करपते. कोणतेही औषध घेताना पत्रकावर तुमचे पीक आणि तुमची कीड, दोन्ही नावे छापलेली आहेत का ते वाचा. एक जरी नसेल तरी बाटली परत ठेवा.

माझा भर गवताच्या ढिगांवर आहे. पेरणीनंतर लगेच, उगवण दिसायच्या आत सुरू करा. संध्याकाळी बांधाकडेने आणि जिथे प्रादुर्भाव आहे तिथे ओळींच्या मधे, दर आठ-दहा पावलांवर घमेलेभर ओले गवत किंवा भिजवलेली गुळी (कुटार) ठेवा. सकाळी ऊन पडायच्या आत ढीग घमेल्यात उचला आणि अर्ध्या बादली पाण्यात मूठभर धुण्याची पावडर मिसळून त्यात झटका. ऊन चढल्यावर गेलात तर वाणी मातीत उतरलेली असते आणि शेतकरी म्हणतो, ढिगाचा उपयोग नाही. चूक ढिगाची नसते, वेळेची असते. एक दिवस करून सोडू नका, सलग पाच-सहा रात्री करा. एकट्याने केले तर शेजारच्या बांधावरून पुन्हा येते, म्हणून शिवारात मिळून करा.

हातमोजे घाला. दाबली गेली की वाणीच्या अंगातून तपकिरी, उग्र वासाचा रस येतो. तो कातडीवर डाग पाडतो, डोळ्यात गेला तर आग होते. तसे झाले तर भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुवा आणि डॉक्टरकडे जा. मुलांना हे काम देऊ नका. वाणी मारायला शेतात मीठ पसरू नका, जमीन तुमचीच खराब होईल.

वाणी वाढते कुठे, तेही पाहा. मे महिन्यात अर्धकच्चे शेणखत पसरलेल्या, धुऱ्यावर (बांधावर) पऱ्हाटी (कपाशीच्या काड्या) आणि काडीकचरा रचलेल्या रानात ती जास्त असते, कारण तिचे मूळ अन्न कुजका पालाच आहे. पावसानंतर उघडीप पडली की पाला सुकतो आणि ओलाव्यासाठी ती कोवळ्या रोपाकडे वळते. खत चांगले कुजवूनच टाका. खताचा ढीग ओला ठेवा, दर पंधरा दिवसांनी वरखाली करा. न हलवलेल्या, चिखल झालेल्या ढिगात हवा शिरत नाही. शेतकऱ्याला मिथेनची काळजी असेल तर तो तिथे तयार होतो, वाणीपेक्षा कितीतरी जास्त. आणि पेरणी 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावरच. धूळपेरणीतले (पावसाआधी कोरड्या मातीत पेरलेले) अडकलेले बी वाणीला आयते मिळते. तूट पडली तर आठवड्याच्या आत नांग्या भरा (रिकाम्या जागी पुन्हा बी लावा), पण गवताच्या ढिगांनी वाणी कमी झाल्यावर, नाहीतर दुसरे बीही जाते.

गोबरगॅसचे थोडक्यात. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज साधारण 50 किलो शेण आणि तितकेच पाणी लागते, वाणीची भर नगण्य. अनुदानाची चौकशी पंचायत समितीच्या कृषी विभागात करा. मंजुरी आधी, खड्डा नंतर. आणि धुण्याच्या पावडरीच्या पाण्यातली वाणी टाकीत कधीही ओतू नका, साबणाने टाकीतले गॅस करणारे जंतू मंदावतात. मेलेली वाणी विहिरीपासून आणि नाल्यापासून दूर खड्ड्यात पुरा, वर हातभर माती टाका.