स्वप्नात मरण दिसलं तर

या वेळी मरणाच्या स्वप्नांबद्दलची पत्रं एकत्र घेतली आहेत. नावं गाळली आहेत, प्रत्येक पत्राच्या शेवटी कंसात फक्त नागपुरातला भाग दिला आहे, मजकूर थोडा आटोपता केला आहे.

बाबा ७६ वर्षांचे, काटोलला राहतात, तब्येत ठणठणीत. मागच्या आठवड्यात पहाटे साडेचारला मला स्वप्न पडलं की अंगणात त्यांची तिरडी बांधताहेत. शेजारच्या काकू म्हणतात, पहाटेचं स्वप्न खरं होतं, शांती करून घे. मावशी म्हणते, ज्याचं मरण दिसतं त्याचं आयुष्य वाढतं. कोणाचं ऐकू? (मानेवाडा)

काकू आणि मावशी एकाच स्वप्नातून दोन उलट निकाल काढतात, तेव्हा निकाल स्वप्नातून निघालेला नाही हे उघड आहे.

पहाटेच्या स्वप्नांना एवढा मान का मिळाला, याचं कारण मात्र सापडतं. झोप साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्यांत चालते. प्रत्येक फेरीच्या शेवटी असा एक टप्पा येतो, ज्यात डोळे बंद पापण्यांखाली वेगाने हलतात. १९५३ साली शिकागो विद्यापीठात अ‍ॅसरिन्स्की आणि क्लाइटमन या संशोधकांनी तो नोंदवला, आणि ठसठशीत, गोष्टीसारखी स्वप्नं बहुतेक त्याच टप्प्यात पडतात. रात्रीच्या सुरुवातीला हा टप्पा काही मिनिटांचा असतो, पहाटेकडे अर्ध्या तासावर जातो. म्हणजे पहाटे स्वप्न लांब असतं, आणि आपण त्यातूनच जागे होतो म्हणून ते लक्षात राहतं. नागपूरच्या मे महिन्यात त्यात आणखी भर पडते: या टप्प्यात शरीराचं तापमान सांभाळणारी यंत्रणा ढिली पडलेली असते. चार वाजता लाईट गेली, कूलर थांबला, की माणूस नेमका स्वप्नाच्या मधोमध उठतो.

‘पण अमक्याचं खरं झालं होतं’ असं कोणी ना कोणी सांगतंच. हिशेब करून पाहू. २०११च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या २४ लाखांवर होती. त्यातल्या २० लाख लोकांना वर्षातून एकदाच घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या मरणाचं स्वप्न पडतं असं धरा. रोज रात्रीची साडेपाच हजार स्वप्नं झाली. त्या वयाची शंभरातली पाच माणसं वर्षभरात जातात असं धरलं, तर एखादं माणूस पुढच्या सात दिवसांत जाण्याची शक्यता हजारात एक. म्हणजे नुसत्या योगायोगाने या शहरात रोज पाच-सहा स्वप्नं आठवड्याच्या आत ‘खरी’ ठरणार. आकडे गृहीत धरलेले आहेत. स्वप्नांचा आकडा निम्मा केला तरी रोज दोन-तीन उरतातच. गाजतात ती हीच, बाकीची हजारो चहाबरोबर विसरली जातात.

जुन्या शास्त्राचा आधार हवा असेल तर चरकसंहितेचं इंद्रियस्थान पाहा. तिथे स्वप्नांचे सात प्रकार सांगितले आहेत: पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, इच्छिलेलं, कल्पिलेलं, भाविक (पुढचं सुचवणारं) आणि दोषज (वात-पित्त-कफाच्या बिघाडातून आलेलं). त्यातले पहिले पाच निष्फळ समजावेत, असं वैद्याला बजावलं आहे. त्याच ग्रंथात मृत्युसूचक स्वप्नंही आहेत, ते आम्ही लपवत नाही. पण सरसकट धसका घ्यायला चरकही सांगत नाही.

तुमच्यासाठी कामाचा प्रश्न एवढाच, की बाबांचा विषय डोक्यात कुठून आला. स्वप्नात बहुधा आदल्या दिवसाचे तुकडे येतात, आणि पाच ते सात दिवसांपूर्वीचेही. तेवढे दिवस मागे जाऊन आठवा: कोणाच्या मयतीला गेला होता का, बाबांच्या वाटणीपत्राचं बोलणं झालं का, फोनवर त्यांचा आवाज थकलेला वाटला का? शांतीचे पैसे बाजूला ठेवा आणि येत्या रविवारी काटोलला जाऊन या. बीपी-शुगर तपासून वर्ष झालं असेल तर तेही उरकून घ्या. ते स्वप्न पडलं म्हणून करायचं नाही, वय ७६ आहे म्हणून करायचं.

सासूबाई दोन वर्षांपासून अंथरुणाला आहेत. त्यांचं सगळं मीच करते. स्वप्नात त्या गेलेल्या असतात, घरात माणसं जमलेली असतात आणि मी गच्चीवर निवांत कपडे वाळत घालत असते. रडू येत नाही. उठल्यावर स्वतःचीच लाज वाटते. (महाल)

ताई, मरणाच्या स्वप्नात कोण मेलं यापेक्षा स्वप्न पाहणाऱ्याला काय वाटलं, याला जास्त वजन द्यायचं असतं. मनोविश्लेषक फ्रॉइडने १९०० सालाचा शिक्का असलेल्या स्वप्नांवरच्या आपल्या ग्रंथात (प्रत्यक्षात तो नोव्हेंबर १८९९मध्येच बाजारात आला) नेमकी हीच वाटणी केली. आप्ताच्या मरणाचं स्वप्न दुःखासकट पडलं तर एक, दुःखाशिवाय पडलं तर दुसरं. दुसऱ्या प्रकारात मरण ही नुसती पार्श्वभूमी असते, असं त्याचं म्हणणं. त्याचं उदाहरण असं: एका तरुणीला बहिणीचा धाकटा मुलगा शवपेटीत दिसला आणि काहीच वाटलं नाही. थोरला भाचा गेला तेव्हा तिचा आवडता माणूस बऱ्याच दिवसांनी भेटायला आला होता. मन त्या भेटीचा प्रसंग पुन्हा मांडत होतं, भाच्याचं मरण मागत नव्हतं. पहिल्या प्रकाराच्या मुळाशी बालपणीची दडलेली इच्छा असते हे त्याचं मत मात्र आज जसंच्या तसं कोणी धरत नाही, आम्हीही नाही. पुढे कॅल्व्हिन हॉल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हजारो स्वप्नं गोळा करून दाखवलं की स्वप्नं मुख्यतः जागेपणीच्याच काळज्या पुढे चालवतात.

आता तुमची गच्ची. दिवसभरात तुम्हाला कोणी हाक मारत नाही अशी जागा तीच आहे का? असेल तर स्वप्नाने सुटका मागितली आहे, आणि ती कामातून. दर दोन तासांनी कूस बदलणं, रात्री दोनदा उठून चादर पाहणं, यात झोपेचे तुकडे होतात, आणि तुकड्यांच्या झोपेत स्वप्नं जास्त आठवतात. मग लाजेपोटी माणूस सेवा वाढवतं, झोप आणखी कमी होते, स्वप्न पुन्हा येतं. हे चक्र मधूनच तोडावं लागतं: आठवड्यातल्या दोन रात्री नवऱ्याने किंवा दिराने सांभाळायच्या, आणि त्या रात्री तुम्ही दुसऱ्या खोलीत, दार लावून झोपायचं. त्याच खोलीत झोपलात तर कान जागाच राहतो. स्वप्न घरात सांगायची गरज नाही, रात्रींची वाटणी मात्र स्पष्ट शब्दांत मागा.

रिटायर व्हायला तीन महिने आहेत. स्वप्नात माझीच अंत्ययात्रा गंगाबाई घाटाकडे चाललेली असते, खांद्याला ऑफिसातले लोक, आणि मी मागून डबा घेऊन चालतो. भीती वाटत नाही, पण चुकल्यासारखं वाटतं. स्वप्नात मेलेला माणूस झोपेतच जातो म्हणतात, खरं का? (सक्करदरा)

नाही. स्वप्नात मेलेले लोक सकाळी उठून सांगतात म्हणूनच अशी स्वप्नं आपल्याला माहीत आहेत.

स्वतःच्या मरणाच्या स्वप्नाचा, मानसशास्त्रज्ञ युंगच्या विचारातून येणारा अर्थ असा, की एखादी जुनी भूमिका संपते आहे आणि मन तिचे अंत्यविधी करतं आहे. लग्न, बदली, निवृत्ती, मुलं घराबाहेर पडणं, अशा वळणांवर तो अर्थ बऱ्यापैकी बसतो, आणि तुमच्या बाबतीत खांदेकरीच सगळं सांगतात. आम्हाला डबा जास्त मोलाचा वाटतो. साहेब तिरडीवर गेला, डबा खाणारा अजून चालतो आहे. ‘चुकल्यासारखं’ म्हणजे काय ते चार ओळींत लिहून काढा, आणि रिटायरमेंटनंतरच्या पहिल्या सोमवारी सकाळी दहा वाजता कुठे असणार हे आत्ताच ठरवा. पुस्तकांतल्या तयार स्वप्नफलांच्या याद्या पाहू नका. त्यांत डबा सापडला तरी तो तुमचा डबा नसेल.

एक गोष्ट वेगळी ठेवा. जागेपणीही मरून जावंसं वाटत असेल, झोप-भूक उडाली असेल, तर हा स्वप्नाचा विषय राहत नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं.

मिस्टरांना जाऊन आठ महिने झाले. स्वप्नात दारात उभे राहतात, बोलत नाहीत, निघून जातात. सासरे म्हणतात, त्याचं काहीतरी राहिलं आहे. (पारडी)

गेलेलं माणूस स्वप्नात येणं हा दुःखाच्या वाटेवरचा नेहमीचा मुक्काम आहे. मानसशास्त्रज्ञ डिअर्ड्री बॅरेट यांनी १९९२मध्ये अशा स्वप्नांचे चार प्रकार मांडले: माणूस परत जिवंत झालेलं, सल्ला देणारं, निरोप घेणारं आणि मरणाबद्दल बोलणारं. जिवंत झाल्याची स्वप्नं सहसा आधी येतात, निरोपाची नंतर. दारातून न बोलता जाणं या दोन्हींच्या मधलं दिसतं. मरण अचानक आलं असेल, शेवटचं बोलणं झालं नसेल, तर तो अबोला तुमच्या बाजूचाही असू शकतो.

सासऱ्यांच्या समाधानासाठी मिस्टरांच्या आवडीचं पान वाढून ठेवायला काहीच हरकत नाही, तुम्हालाही बरं वाटेल. हजारो रुपये मागणाऱ्याकडे मात्र जाऊ नका. त्याशिवाय हे करा: दुपारी घर रिकामं असताना त्यांना पत्र लिहा, जे बोलायचं राहिलं ते रागासकट. मग त्यांच्या बाजूने उत्तर लिहा. दोन्ही मोठ्याने वाचा. पहिल्या वेळी पत्र तक्रारीतच संपतं किंवा नुसतं रडू येतं. तीन-चार दिवसांनी पुन्हा लिहा. आयसीडी-११ या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात लांबलेल्या शोकाला सहा महिन्यांची किमान मर्यादा आहे, पण ती नुसत्या स्वप्नांना लागू नाही. रोजची कामं अडली, घराबाहेर पडणं थांबलं, तर मेडिकल किंवा मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांच्या मानसोपचार ओपीडीत दाखवा.

सात वर्षांचा मुलगा मारबत (पोळ्यानंतर मिरवणुकीने नेऊन जाळतात तो मोठा पुतळा) पाहून आला, तेव्हापासून ‘आई जळते’ म्हणून रात्री ओरडतो. (इतवारी)

किती वाजता ओरडतो ते आधी पाहा. झोपल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत, डोळे उघडे, ओळखत नाही आणि सकाळी काहीच आठवत नाही, तर ते स्वप्न नाही, झोपेतला दचका आहे. उठवू नका, लागणार नाही एवढं पाहा. पहाटेकडे उठून सगळं सांगत असेल तर वाईट स्वप्न. या वयात मरण कायमचं असतं आणि ते आपल्या आईलाही येणार, हे नुकतंच कळू लागलेलं असतं. दिवसा चित्र काढायला द्या आणि शेवट त्यालाच बदलू द्या. ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणत आपण रोगराई जाळायला पाठवतो, कोणाची आई नाही, हेही सांगा.

२३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा आमच्या घरात छातीपर्यंत पाणी होतं. आई थोडक्यात वाचली. अजूनही आठवड्यातून दोन-तीनदा स्वप्नात ती बुडते. पाऊस लागला की झोपायचीच भीती वाटते. (अंबाझरी लेआउट)

याला प्रतीक शोधत बसू नका. घडलेला धोका मेंदूत तसाच अडकून राहिला आहे. अशा वारंवार येणाऱ्या स्वप्नांवर स्वप्नबदलाचा सराव चांगला चालतो. बॅरी क्रॅकाव आणि सहकाऱ्यांनी अत्याचार सोसलेल्या स्त्रियांवर केलेली त्याची चाचणी २००१मध्ये प्रसिद्ध झाली. पद्धत अशी:

सगळ्यात भयंकर स्वप्नापासून सुरुवात करू नका. आई बुडते ते बाजूला ठेवा. त्याच मालिकेतलं सौम्य, समजा पाणी फक्त उंबऱ्याशी आलेलं, ते घ्या. एकदाच, दिवसा, अर्ध्या पानात लिहा. मग त्यात हवा तो बदल करा. कुठे आणि काय, ते तुम्ही ठरवायचं. बदल अचाट नसला तरी चालतो: पाणी उंबऱ्याला लागतं, तुम्ही दिवा लावता, आई आधीच गच्चीवर चहा घेते आहे. नवं स्वप्न वर्तमानकाळात, पूर्ण लिहा. पायाला फरशी कशी लागते, चहाचा वास, कोणाचा आवाज. मग रोज दहा ते वीस मिनिटं डोळे मिटून फक्त हेच नवं स्वप्न पाहायचं. आठवड्यात दोनपेक्षा जास्त नवी स्वप्नं घेऊ नका.

बिघडतं ते तीन ठिकाणी. लोक रोज जुनंच स्वप्न आधी आठवतात आणि मग नवं. त्याने जुन्याचाच सराव होतो. काही जण पाण्याशी झुंजून जिंकण्याचं दृश्य रचतात, त्यात धडधड तशीच राहते. आणि बहुतेक जण चौथ्या दिवशी सोडतात. तीन-चार आठवडे द्या. नवं स्वप्न हुबेहूब पडेल अशी अपेक्षा नको. जुनं कमी वेळा येणं किंवा मधेच वळण घेणं पुरेसं आहे. सराव करताना घाम फुटून थांबता येत नसेल, किंवा दिवसाही पाण्याचं दृश्य डोळ्यांपुढे येत असेल, तर हे एकट्याने करू नका, मानसोपचारतज्ज्ञांकडे जा.

वडील ६४ वर्षांचे. कोणीतरी मारायला आलं असं स्वप्न पडतं आणि ते खरोखर लाथा-बुक्क्या मारतात. आईला दोनदा लागलं. बीपीची गोळी बदलल्यापासून स्वप्नं वाढली. (दिघोरी)

स्वप्नाच्या टप्प्यात हातापायांचे स्नायू सैल, जवळजवळ बंद असतात. ते बंद व्हायचं राहिलं की माणूस स्वप्न अंगाने जगतो. पन्नाशीनंतरच्या पुरुषांत हे जास्त दिसतं आणि बऱ्याच जणांत काही वर्षांनी पार्किन्सन्ससारखा आजार उघड होतो, म्हणून न्यूरॉलॉजिस्टना नक्की दाखवा. खात्री झोपेच्या रात्रभराच्या तपासणीने होते. तोवर आईने वेगळं झोपावं, वडिलांची गादी खाली घालावी, जवळचा स्टूल, काचेचा ग्लास, टेबलाचा कोपरा दूर करावा.

गोळीचं नाव पाहा. प्रोप्रानोलॉल, मेटोप्रोलॉल या बीटा ब्लॉकर गटातल्या गोळ्यांनी काहींना ठळक, भीतिदायक स्वप्नं पडतात; दम्याच्या माँटेलुकास्टनेही; डिप्रेशनवरच्या काही गोळ्यांनी तर झोपेतल्या लाथाही सुरू होतात. मनाने बंद करू नका. बीटा ब्लॉकर एकदम थांबवणं हृदयाला धोक्याचं असतं. वडील रात्री दारू घेत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा: दारू पहिल्या प्रहरात स्वप्नाचा टप्पा दाबते आणि पहाटे तो जोराने उसळतो. जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं, गोळी कधी बदलली ती तारीख, आणि पहाटे तीन ते सहाच्या दरम्यान मोबाइलवर काढलेला एखादा व्हिडिओ बरोबर न्या.