रक्तासोबत अंगात साचणारं लोह: वाचकांचे प्रश्न

मागच्या लेखात थॅलेसेमियाच्या (हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा जन्मजात आजार) रुग्णांना वारंवार रक्त द्यावं लागतं, एवढंच सांगून थांबलो होतो. त्यावर आलेली बरीचशी पत्रं रक्तातून येणाऱ्या लोहाबद्दल आहेत. त्यातली चार इथे घेतो.

मुलगी सात वर्षांची, थॅलेसेमिया मेजर (आजाराचा तीव्र प्रकार). फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारा रक्तातला आकडा) २८०० आलं म्हणून लोह काढायची गोळी वाढवली. पण ती मस्त खेळते, शाळेत जाते. गोळी इतकी गरजेची आहे का? (एक आई, जरीपटका)

हो ताई, आहे. रक्ताच्या एका पिशवीत साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असतं. शरीर दिवसाला जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम बाहेर टाकतं आणि साठा वाढला म्हणून जास्त टाकायची सोय त्याच्याकडे नाही. धडधाकट मोठ्या माणसाच्या अंगात सगळं मिळून ३ ते ४ ग्रॅम लोह असतं; पंधरा-वीस पिशव्यांतून तेवढंच आणखी येतं. ते आधी यकृतात, मग हळूहळू हृदयात आणि संप्रेरकांच्या ग्रंथींत जाऊन बसतं. यकृत वर्षानुवर्षं मुकाट्याने सोसतं, म्हणून मूल खेळताना दिसतं. वयात येणं लांबलं, साखर वाढली की कळतं, तोवर उशीर झालेला असतो.

साध्या तापानेही फेरिटिन चढतं, म्हणून एका आकड्याने घाबरू नका. सहा महिन्यांचे रिपोर्ट शेजारी ठेवून बघा. हृदयातलं लोह बघायला टी-टू-स्टार एमआरआय असतो. त्यात आकडा २० मिलिसेकंदांच्या खाली गेला, तर हृदयात लोह साचलंय असं धरतात.

लोह काढणाऱ्या डेफेरासिरॉक्सची विरघळणारी गोळी लेक थुंकून टाकते. दुधातून देऊ का? (महाल)

दूध नको, सोडाही नको. फेस येतो आणि गोळी नीट विरत नाही. पाणी चालतं, आणि संत्र्याचा रसही चालतो! नागपुरात याहून सोपं काय असणार? रिकाम्या पोटी, जेवणाच्या अर्धा तास आधी, रोज एकाच वेळी द्या. पेल्याच्या तळाशी पांढरी पूड राहते, तोही औषधाचाच भाग आहे. थोडं पाणी घालून, हलवून तेही पाजा. अख्खी गिळायची गोळी वेगळी मिळते, पण तिचा डोस वेगळा असतो. दुकानदाराने बदलून दिली तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

या औषधावर असताना मूत्रपिंडाकडे लक्ष ठेवावं लागतं, म्हणून क्रिएटिनिनची तपासणी चुकवू नका. आपल्याकडच्या मे महिन्यात उलट्या-जुलाब झाले आणि मूल सुकलं, तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन करा. अशा वेळी औषध काही दिवस थांबवावं लागतं.

बी. फार्मला आहे. कीलेटर म्हणजे नेमकं काय, आणि संशोधन कुठवर आलंय? (हिंगणा रोड)

लोहाला पकडून अंगाबाहेर नेणारं औषध म्हणजे कीलेटर. शब्द ग्रीक आहे, अर्थ खेकड्याची नांगी. लोहाच्या अणूला धरायच्या सहा जागा असतात. डेसफेरिऑक्सामाइनचा एकच रेणू त्या सहाही पकडतो. डेफेरासिरॉक्स तीन पकडतं, म्हणून एका लोहाला त्याचे दोन रेणू लागतात, डेफेरिप्रोनचे तीन.

यातलं पहिलं औषध, डेसफेरिऑक्सामाइन, मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जीवाणूकडून मिळालं आणि १९६०च्या दशकात वापरात आलं. पकड उत्तम, पण पोटातून शोषलं जात नाही आणि रक्तात अर्ध्या तासाच्या आतच निम्मं होतं. म्हणून त्वचेखाली सुई लावून, पंपाने रात्री आठ-दहा तास, आठवड्यातून पाच-सहा रात्री! शिकवायला लागलो तेव्हा एक आई म्हणाली होती, पोरगं झोपल्यावर सुई लावते, म्हणजे त्याचे डोळे बघावे लागत नाहीत. या क्षेत्रातलं पुढचं सगळं काम मला त्या सुईपासून सुटकेचं वाटतं. डेफेरिप्रोन तोंडाने घेता येतं, हृदयाच्या पेशींत शिरतं. भारतात ते १९९०च्या दशकातच आलं, अमेरिकेत २०११ साली. दिवसातून एकदा घ्यायचं डेफेरासिरॉक्स अमेरिकेत २००५ साली मंजूर झालं.

वाटेत अपयशंही आहेत. डेसफेरीथायोसिन लोह छान काढायचं, पण मूत्रपिंडाला घातक ठरलं. आता दोन-दोन औषधं एकत्र देऊन बघतात. रक्ताचीच गरज कमी करणारं लुस्पाटरसेप्ट २०१९ साली अमेरिकेत मंजूर झालं. लोहाचं शोषण आवरणाऱ्या हेपसिडिन संप्रेरकावरही काम चालू आहे. तुला संशोधनात यायचं असेल, तर इथे जागा आहे.

भाऊ डेफेरिप्रोन घेतो. लघवी लालसर होते, रक्त जातंय का? (उमरेड)

बहुतेक वेळा ते औषधाने बांधलेलं लोह असतं. जळजळ किंवा गुठळ्या असतील तर मात्र तपासून घ्या. खरी काळजी दुसरी आहे. शंभरातल्या साधारण एकाच्या पांढऱ्या पेशी या औषधाने धोकादायक रीतीने घटतात. ताप आला किंवा घसा दुखला, तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघू नका. गोळी थांबवा आणि त्याच दिवशी, रात्र असली तरी, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करून घ्या.