पेपर चांगला गेला, तरी नापास? आधी छायाप्रत मागव

भाऊ, घाबरू नको. पण आज-उद्या करू म्हणून बसूही नको. अर्जाची मुदत निकाल जाहीर झाल्यापासून मोजतात. छापील गुणपत्रिका कॉलेजात येईपर्यंत थांबणारे हमखास हुकतात. गावात रेंज नसेल तर तालुक्याला जा, विद्यापीठाचं परिपत्रक वाच. गोंडवाना, अमरावती, नागपूर, प्रत्येकाची फी न् तारखा वेगळ्या, म्हणून मित्राच्या सांगण्यावर जाऊ नको.

सुरुवातीला एवढंच कर:

- उत्तरपत्रिकेची छायाप्रत माग. बेरीज चुकली का, एखादं उत्तर तपासायचं राहिलं का, पुरवणी जोडली आहे का, हे बघ. विषयाच्या सरांनाही दाखव.
- नुसती बेरीज चुकली असेल तर फेरमोजणी. उत्तरालाच कमी गुण वाटले तर पुनर्मूल्यांकन. यात गुण कमीही होऊ शकतात का, ते नियमात आधी वाच.
- पावती जपून ठेव. बाबू 'होऊन जाईल' म्हणाला, म्हणजे अर्ज पोचला असं नाही!

अंतर्गत गुणांची गोष्ट वेगळी. त्यासाठी विभागप्रमुखांना लेखी अर्ज दे आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घे. अर्जात 'मी खूप अभ्यास केला होता' लिहून काही होत नाही, प्रश्न क्रमांक लिही.

छायाप्रत द्यायला टाळाटाळ झाली तर माहिती अधिकार आहेच. तपासलेली उत्तरपत्रिका बघायचा हक्क सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्ये मान्य केलाय. अर्जाची फी 10 रुपये. पण ते नंतरचं.

आणि हो, निकाल बदलेल या भरवशावर बॅकलॉगचा परीक्षा फॉर्म सोडू नको.