'पर्यायी यजमान' : पर्याय की पाळी?

निपाणीच्या एका वाचकांनी विचारलंय : पुस्तिकेत 'बार्बेरी हा गव्हावरच्या काळ्या तांबेऱ्याचा पर्यायी यजमान' असं वाचलं. (तांबेरा हा बुरशीचा रोग, यजमान म्हणजे ती बुरशी ज्या झाडावर जगते ते झाड आणि बार्बेरी हे एक काटेरी झुडूप.) म्हणजे गहू मिळाला नाही तर तांबेरा बार्बेरीवर भागवतो, असंच ना?

नाही. पण हा शब्द वाचून कुणाचाही तोच समज होईल. आजच्या मराठीत पर्याय म्हणजे हे नाही तर ते. खानापूरचा रस्ता बंद असला की आपण पर्यायी रस्ता धरतो. काळ्या तांबेऱ्याच्या बुरशीला मात्र जीवनचक्र पुरं करायला गहू आणि बार्बेरी दोन्ही लागतात. हंगामाच्या शेवटी गव्हावर जे काळे बीजाणू धरतात, त्यांच्यापासून पुढं निघणारे बीजाणू गव्हाला लागतच नाहीत, बार्बेरीलाच लागतात. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ द बारी यांनी १८६५ मध्ये हे दाखवून दिलं. बाजरीच्या तांबेऱ्याची अशीच जोडी वांग्याशी आहे.

संस्कृतात 'पर्याय' म्हणजे क्रम, पाळी. कन्नडच्या शेजारी राहणाऱ्या आपल्याला तो अर्थ परका नाही : उडुपीच्या कृष्णमठात आठ मठांकडे दोन-दोन वर्षं आळीपाळीनं पूजा जाते, तिचं नाव 'पर्याय'च. त्या अर्थानं 'पर्यायी यजमान' अगदी अचूक आहे. पण बांधावर तो अर्थ कुणाच्या कानी पडतो? मी 'पाळीचा यजमान' म्हणेन. पाटाच्या पाण्याची पाळी ज्यानं रात्री जागून धरलीय, त्याला वेगळं समजवायला नको.

भेद कामाचाही आहे. आपल्याकडच्या सोयाबीनचं पान उलटून अंगठा फिरवला की तांबूस पूड लागते, तोही तांबेराच. (कन्नडात 'तुक्कु रोग', तुक्कु म्हणजे लोखंडाचा गंज. त्यांना लोखंड दिसलं, आपल्याला तांबं.) या तांबेऱ्याचा पाळीचा यजमान आजवर सापडलेला नाही. घेवड्यासारख्या इतर शेंगवर्गीय झाडांवर तो जगतो खरा, पण ते नुसते जादा आसरे. 'पर्यायी' हा शब्द शोभतो तो त्यांना.

आणि गव्हाचं म्हणाल, तर वनस्पतिरोगशास्त्रज्ञ के. सी. मेहतांच्या अभ्यासातून दिसलं की भारतात रोग बार्बेरीवरून येत नाही. निलगिरी-पळणीच्या डोंगरांत बिगरहंगामी गव्हावर तो तगतो आणि तिथून वाऱ्यावर खाली उतरतो.